वंशावळीत वहिनी

घरातल्या जुन्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर सहा पिढ्यांची यादी होती. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. सगळे सुतार, सगळे पुरुष. जणू एकेक बाप्या थेट फळीतूनच रंधून काढला होता! ज्याचं नाव सगळ्यांत खाली, तो कारखान्याचा कर्ता, असा घरचा नियम.

बाबांचा हात आता थरथरायचा. पुढची ओळ लिहायचं काम त्यांनी धाकट्या मुलावर सोपवलं. "शास्त्रात कसं लिहिलंय ते आधी वाच, आणि मग लिही." कुणाचं नाव, ते बोलले नाहीत. थोरला जाऊन अकरा वर्षं झाली होती, उरला धाकटाच. चाळिशी उलटेपर्यंत त्यानं या ओळीची वाट पाहिली होती, खोटं कशाला बोला?

तो येशूची वंशावळ वाचायला बसला. झाला, झाला करत सरकणारं बोट मध्येच अडखळलं. तामार. राहाब. रूथ. एवढ्या मातब्बरांच्या रांगेत या बायका? रूथ तर परमुलखातली, नवरा गेल्यावरही सासूला न सोडणारी. आणि दावीद राजा तिचा पणतू!

भिंतीपलीकडच्या कारखान्यातून वहिनीचा आवाज आला, "लाकूड ओलं आहे. ही चौकट आज जाणार नाही. गिऱ्हाइकाला मी सांगते."

सांगणं म्हणजे बोलणी खाणं. ते ती अकरा वर्षं करत होती. थोरला गेला तेव्हा माहेरची माणसं न्यायला आली होती. हिनं त्यांना जेवू घालून परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी रंधा हाती घेतला. कारागीर तिला 'गुण्या' म्हणत. काटकोन तपासायच्या गुण्यासारखं, तिच्यापुढे वाकडं काही टिकत नसे. धाकट्याला मात्र ओलं-सुकं लाकूड अजून ओळखता येत नव्हतं. त्याच्या मनात कळ उठली, पण त्याहून मोठा अभिमान दाटून आला. आपल्या घरात केवढं माणूस आहे!

पण लिहायचं कसं? ती काही या घरात 'झाली' नव्हती. शेवटी त्यानं लिहिलं, "आणि या घरात थोरली सून आली."

बाबांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि कारखान्याची हिशेबाची वही सरकवावी तसं बायबल सुनेपुढे सरकवलं. तिनं भुसा लागलेले हात पुसले. सहा पिढ्यांवरून नजर फिरवली.

"भावोजी, आलेल्या तर पुष्कळ जणी असतील," ती म्हणाली. "आधी त्यांची नावं लिहा. मग माझं."

आपल्या आजीचं नाव आठवायलाच बाबांना बराच वेळ लागला. मग ते धाकट्याला म्हणाले, "बस लिहायला. कर्त्या माणसाचा हुकूम आहे."