मावशी, जागा हाय का?

कामिलनं गाडी हायवेच्या दिशेला वळवली, तोच मागच्या सीटवरून तेरेझाचा हात पुढं आला. हातात फोन होता, फोनवर नकाशा होता आणि नकाशावर एक लाल खूण होती.

"आम्हाला इथं जेवायचंय," ती इंग्रजीत म्हणाली. "चांगलं आणि स्वस्त. लोकांनी दोन्ही लिहिलंय."

तेरेझा आणि तिचा नवरा रुई पोर्तुगालचे. दोघंही निवृत्त शिक्षक, खर्चाला जपून आणि खाण्याच्या बाबतीत धाडसी. मुंबईहून रात्रीच्या रेल्वेनं निघून सकाळी कोल्हापुरात उतरले होते आणि आजच्याच गाडीनं परत जाणार होते. एका दिवसात जे पाहण्यासारखं होतं ते कामिलनं इमानेइतबारे दाखवलं होतं. राजवाडा झाला, पन्हाळा झाला, चपलांची खरेदी झाली. राहिलं होतं जेवण, आणि नेमकं तिथंच त्याचं इमान जरा पातळ व्हायचं. हायवेवरच्या एका एसी हॉटेलात पाहुणे नेले की मालक त्याला फुकट जेवू घालायचा आणि निघताना त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचा. म्हणून जेवणवेळेच्या आधी त्याचं एक ठरलेलं भाषण व्हायचं. ते त्यानं पन्हाळ्याचा घाट उतरताना या दोघांनाही ऐकवलं होतं. गल्लीबोळातल्या घरगुती खानावळींच्या नादाला लागू नका. पाणी कुठलं, भांडी कशी घासलेली, कशाचा भरवसा नसतो. परदेशी माणूस हमखास आजारी पडतो.

आपली आई हाच धंदा करते, हे भाषण करताना त्याला आठवत नसे असं नाही. पण ते बोलणं पोटासाठी होतं आणि आई घरी होती. दोन्हींची कधी गाठ पडेल असं त्याला वाटलं नव्हतं.

त्यानं फोनकडं पाहिलं. खूण गंगावेशीजवळच्या एका बोळात होती. ती त्यानंच लावली होती. मागच्या ईदेला घरी रिकामा बसला असताना, आईचं गिऱ्हाईक वाढावं म्हणून.

दुपारी बंद असेल, तो म्हणाला. उघडं आहे असं दिसतंय, तेरेझा म्हणाली. बोळात गाडी जात नाही, त्यानं सांगून पाहिलं. त्यावर रुई खूश झाला. सकाळपासून बसून बसून त्याचे गुडघे आखडले होते, त्याला चालायचंच होतं. कामिलनं गाडी बाहेर लावली आणि आपल्याच घराचा रस्ता नकाशात बघत बघत तो त्या दोघांच्या मागून निघाला.

नवरा लालासाब वारल्यावर कामिलच्या आईनं, मेहमुदानं, पुढच्या सोप्यात तीन टेबलं टाकली होती आणि त्या तीन टेबलांवर दोन पोरं वाढवली होती. कामिलचा इंग्रजी बोलायचा क्लाससुद्धा त्याच रश्श्यातून निघाला होता. आत्ता ती दारातच उभी होती, डोक्यावर पदर, हातात पळी. पोरगा दिसल्यावर तिचा चेहरा खुलला. आज दुपारचा कसा काय आलास, हे तिच्या ओठांवर आलंच होतं. कामिल आधी बोलला.

"मावशी, तीन माणसं हायत. जागा हाय का?"

मेहमुदाची पळी हातात तशीच राहिली. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मागच्या दोन गोऱ्या माणसांकडं पाहिलं, परत त्याच्याकडं पाहिलं. मग पदर नीट केला.

"हाय की, पावणं. या, बसा."

आत भाकरी थापणाऱ्या बयाबाईनं कामिलला लंगोटात असल्यापासून बघितलं होतं. तिनं मान वळवली आणि तोंड उघडलं. मेहमुदा तिच्याकडं न बघताच म्हणाली की भाकरी करपायला लागलीय, तिकडं बघा. तव्यावर भाकरी नव्हती. बयाबाईनं तोंड मिटलं आणि पुढचा गोळा हातात घेतला.

ताटं आली. सुकं मटण, तांबडा, पांढरा, कांदा, लिंबू, ज्वारीची भाकरी. रुईनं तांबड्याचा पहिला घोट घेतला, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि वाटी पुन्हा तोंडाला लावली. तेरेझा पांढऱ्याच्या प्रेमात पडली. मेहमुदा वाटी अर्धी झाली की भरायची, नको म्हटलं की थोडा जास्त भरायची. कामिलजवळ मात्र ती पळी घेऊन थांबली. एवढ्या वर्षांत तिनं त्याला कधी विचारलं नव्हतं. सरळ ताटात ओतायची, आणि तो ओरडायचा.

"तुमास्नी वाढू का रस्सा?"

"नको. बास," तो म्हणाला.

सांगून टाकावं, असं त्याला तेव्हाच वाटलं. ही माझी आई, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागणार होता. पण ते सांगितलं की घाटातलं भाषण आठवणार, आणि आपण कुणाच्या भांड्यांबद्दल बोलत होतो ते या दोघांना कळणार. तो भाकरीचे तुकडे करत राहिला. हेच ताट, हीच वाटी, आणि त्याला कुणाच्या तरी लग्नात आगंतुक जेवायला बसल्यासारखं वाटत होतं.

तेरेझा मात्र ते भाषण विसरली नव्हती. तिनं लखलखीत भांड्यांच्या फळीकडं बोट केलं आणि त्याला चिडवलं, की बघ, आणि तू आम्हाला घाबरवत होतास. इथं सगळं किती स्वच्छ आहे ते या बाईंना सांग.

कामिलनं मान खाली घालून सांगितलं, "मावशी, त्या म्हणत्यात, सगळं लई स्वच्छ हाय."

मेहमुदा हसली नाही.

"का? घाण असंल म्हणून कुणी सांगितलंतं व्हय त्यास्नी?"

कामिलचे कान तापले. त्यानं उत्तर दिलं नाही, आणि मेहमुदाला ते मिळालं. ती वळली, फळीवरचा एक तांब्या उगाचच उचलून पुसला आणि परत जागेवर ठेवला.

काय म्हणाली, असं तेरेझानं विचारलं. आभार मानतात, कामिल म्हणाला.

तेरेझाला बाई आवडल्या होत्या, आणि आवडलेल्या माणसाची चौकशी करायची तिला सवय होती. किती वर्षं हे चालवता, एकट्याच का, असं तिनं एकेक विचारलं. कामिल विचारत गेला, सांगत गेला. मेहमुदा थोडक्यात उत्तरं देत होती. मग तेरेझा म्हणाली, "मुलं किती, विचार ना."

कामिलनं हात पुसले, ते कोरडे होते तरी. मेहमुदानं प्रश्न ओळखला असावा. परदेशी बाया तिच्याकडं याआधीही येऊन गेल्या होत्या आणि सगळ्या हेच विचारायच्या. तरी ती थांबली. त्यानं विचारण्याची वाट बघत थांबली.

"मावशी," तो म्हणाला. "त्या इचारत्यात, पोरं किती?"

मेहमुदा त्याच्याकडं बघत होती. चिडलेली दिसत नव्हती. लहानपणी त्यानं शाळेत काहीतरी मोडलं की त्याला पाठीशी घालून मास्तरांसमोर उभी राहायची, तशी उभी होती.

"सांगा की त्यास्नी," ती म्हणाली, आणि पाहुणीला कळावं म्हणून तिनं एक बोट वर केलं. "एक लेक हाय. मुरगूडला दिलीया."

बयाबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. कामिलनं इंग्रजीत सांगितलं, एक मुलगी आहे, लग्न झालंय. वाक्य बरोबर होतं. तेरेझा हळहळली. म्हणजे इथं बाई एकट्याच, ती म्हणाली, आणि याचं त्यानं भाषांतर केलं नाही.

निघताना तेरेझानं मेहमुदाला मिठी मारली. मेहमुदा आधी अवघडली, मग तिनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. रुईनं हात जोडले. कामिल बोळात आधीच उतरला होता आणि चपलेत पाय घालण्यात गुंतला होता. परत या म्हणावं त्यास्नी, असं मेहमुदा त्याच्या डोक्यावरून म्हणाली.

"आणि तुमी बी सावकाश जावा, पावणं."

गाडी रंकाळा तलावाच्या कडेनं जात असताना तेरेझा फोनवर लिहायला लागली. एवढ्या चांगल्या जागेबद्दल पुढच्या प्रवाशांना सांगायलाच हवं, ती म्हणाली. मग तिचा अंगठा थांबला.

"अरे, त्यांचं नाव विचारायचं राहिलंच."

"मेहमुदा," कामिल म्हणाला.

नाव तोंडातून गेलं होतं. आरशात त्याला तेरेझाचा चेहरा दिसला. ती लिहीत नव्हती, त्याच्याकडं बघत होती. रुईनंही खिडकीतून मान आत घेतली होती. कामिलनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. हात स्टिअरिंगवरच होते.

"मघाशी मी चुकीचं सांगितलं," तो म्हणाला. "त्यांना दोन मुलं आहेत. एक मुलगी, एक मुलगा."

तेरेझानं फोन मांडीवर ठेवला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "पण मी पाहिलं, कामिल. त्यांनी एकच बोट वर केलं होतं."

"हो," कामिल म्हणाला. "ते माझ्यासाठी."