तळहाताएवढं जाळं

म्हाताऱ्यानं चपला दाराबाहेर काढल्या, आत आला आणि सरळ कापडी पुतळ्याच्या मागे जाऊन उभा राहिला. पुतळ्याच्या अंगात गडद लाल जॅकेट होतं. पाठीवर, बरोबर मधोमध, तळहाताएवढं जाळं होतं. निळ्या नायलॉनच्या दोऱ्याचं, गाठी मारून विणलेलं. म्हाताऱ्यानं त्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"काका, हात नका लावू. विकायचंय ते," शिलाई मशीनवरून जयश्री म्हणाली.

"मीच विणलंय," म्हातारा म्हणाला.

मसोलीतल्या या शेडमध्ये पूर्वी फुगे तयार होत. तो कारखाना बंद पडला तेव्हा लोक हळहळले, आणि भाविनीनं तिथे जुन्या लुगड्यांची जॅकेटं शिवायला घेतली तेव्हा हसले. अंगावर जुनं लुगडं असलेल्या बाईकडे कुणी वळून बघत नसे. तेच कापून त्याला बाह्या लावल्या की मुंबईहून फोन येत. शनिवारी तिकडे प्रदर्शन होतं. या जॅकेटचा फोटो पाहून काही जणींनी आधीच बजावलं होतं, दुसरं काही दाखवू नका, आम्हाला ते जाळंवालंच हवं.

भाविनी कात्री ठेवून पुढे आली.

"जमना बोहारणीकडून घेतलंय मी हे लुगडं, काका."

"तिला माझ्या सुनेनं दिलं. पातेलं घेतलं त्याच्यावर." म्हाताऱ्याचा हात अजून जाळ्यावरच होता. "घरवालीचं लुगडं. ती गेली होळीच्या आधी."

जुन्या कपड्यांच्या धंद्यात ही एक भीती असतेच, कधीतरी कापडामागून माणूस येतो. भाविनीनं त्या दिवसासाठी उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं पुतळ्याच्या अंगातून जॅकेट काढलं, नीट घडी केली आणि दोन्ही हातांनी पुढे धरलं.

"घेऊन जा, काका. असंच न्या."

म्हाताऱ्यानं हात मागे घेतले.

"मी काय करू जॅकेटाचं? घरी नेलं तर सून विचारेल, पातेलं परत द्यायचं का. भात शिजतो आता त्याच्यात."

"मग?"

"हे पाठीवरचं तेवढं काढ, बाय."

भाविनीनं घडी पुन्हा उलगडली.

"काका, लोकांना तेच तर आवडलंय. केवढं सुंदर काम आहे."

"लोकांसाठी नव्हतं ते."

तो मशीनजवळच्या स्टुलावर टेकला आणि सांगू लागला. धाकटी डहाणू गावच्या बंदरावर मासळी उतरवताना होडीच्या खिळ्याला घरवालीचं लुगडं अडकलं, चांगलं टरकन फाटलं. नवीन घ्यायला अवकाश होता. जाळं फाटलं की जसं सांधतात तसं त्यानं ते सांधलं, त्याच सुईनं, त्याच दोऱ्यानं. दुसरं शिवणकाम त्याला येत नव्हतं.

"बघितलं आणि म्हणाली, मी काय बोंबील आहे?"

जयश्रीला हसू फुटलं. तिनं ते पदराआड केलं.

"बाजारातल्या बायका म्हणतील, नवऱ्यानं बायकोलाच जाळ्यात घातली. म्हणून ती जाळं कासोट्यात दडवून नेसायची. शेवटपर्यंत. आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. सुनेला पण नाही." त्यानं दाराबाहेर पाहिलं. "आता सून मोबाईलवर याचा फोटो बघते आणि मलाच दाखवते, बाबा, लोक काय काय घालतात बघा."

जयश्रीनं जॅकेट मांडीवर घेतलं, कात्रीचं टोक एका गाठीत घालून पाहिलं.

"या गाठी सुटायच्या नाहीत. कापाव्या लागतील."

"कापू नको," म्हातारा म्हणाला. एवढंच तो घाईनं बोलला.

"मग वरून लुगड्याचाच तुकडा लावते. जाळं आत राहील." जयश्रीनं भाविनीकडे पाहिलं. "पण मग हे नुसतं लाल जॅकेट."

भाविनीनं मोबाईल उचलला. फोटोखाली बऱ्याच जणींनी बरंच काही लिहिलं होतं. आणखी दोघींनी पत्ता विचारला होता. तिनं ते सगळं एकदा वाचलं आणि फोटो काढून टाकला.

"आत घ्या, जयश्रीताई."

म्हातारा चहा नको म्हणाला आणि आलेला चहा बशीत ओतून प्यायला. जयश्रीनं शेवटची टीप मारून दोरा तोडला. आता पाठीवर लालशिवाय काही नव्हतं. बसतंय कसं ते पाहायला भाविनीनं जॅकेट अंगात घातलं आणि खुर्चीत मागे टेकली. लगेच पुढे सरकली.

"गाठी टोचतात, काका. आतून मऊ अस्तर लावू?"

"नको," तो उठत म्हणाला. "बाजारात टोपली पुढ्यात घेऊन दिवसभर ती त्याच्यावरच बसायची. टोचायचंच. घरी आली तरी उठता-बसता टोचायचं. टोचलं की माझं नाव घ्यायची, शिवी देऊन. एरवी आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही."

त्यानं दारातल्या चपला पायानं सरळ केल्या.

"आता सगळे काकाच म्हणतात. नाहीतर बाबा."

भाविनी काहीतरी म्हणणार होती. 'काका' हा शब्द ओठांवर आला आणि ती थांबली.

"तुमचं नाव काय?"

"नारू."

तो रस्त्याला लागला. जयश्रीनं खाली पडलेल्या चिंध्या गोळा केल्या.

"शनिवारी न्यायचं का हे?"

भाविनी पुन्हा खुर्चीत मागे टेकली, या वेळी मुद्दाम, अंगाचा भार टाकून.

"नारू," ती हळूच म्हणाली.

शिवी मात्र तिला सुचली नाही.