रजेच्या अर्जाचं उत्तर

आमच्या कंपनीत मला कुणी काही शिकवलं नाही. जे शिकले ते माझं मी, आणि त्याचं असं झालं.

कंपनी टॉवेलची, अक्कलकोट रोडला. सगळा माल परदेशी जातो. अठरा वर्षांपूर्वी मी टायपिस्ट म्हणून लागले. आजही टायपिस्टच आहे, फक्त पाटीवर ‘शिवलीला मॅडम, ऑफिस एक्झिक्युटिव्ह’ असं आलंय. ऑफिसचे मेल येतात त्या आउटलुकच्या पोटात प्रोग्राम लिहायची एक जागा असते, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. मग जेवणाच्या सुट्टीत एका हाताने भाकरी आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवरचे व्हिडिओ. शिकवणारा पोरगा हिंदीत भरभर बोलायचा, मी एकेक ओळ तीनतीनदा मागे घेऊन वहीत उतरवायचे. दीड महिन्याने माझा पहिला प्रोग्राम चालला. गिऱ्हाइकांच्या मेलमधल्या ऑर्डरी आपोआप ज्याच्या त्याच्या फोल्डरात जाऊन बसल्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. खोटं कशाला सांगू, लग्नातसुद्धा एवढी खूश नव्हते.

मॅनेजर मंजुनाथ साहेबांना हे कळलं. हा माणूस म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा. गोडाऊनला वर्षातून दोनदा जाणार, तेही फोटोपुरतं. पण त्या दिवशी स्वतः माझ्या टेबलाशी आले.

“मॅडम, हे रजेचे अर्ज घ्या बरं अंगावर,” म्हणाले. “माझं डोकं खातात.”

रजेचा अर्ज मेलवरच करायचा, हा नियम त्यांचाच. कंटेनर भरायच्या दिवसांत कुणाला सोडायचं नाही, हाही त्यांचाच. मी विचारलं, “आजारपणाचे अर्ज वेगळे काढू का? तेवढे तुम्ही बघा.”

“आजारपण कुणाच्या घरी नसतं? आजारी लिहिलं की सोडायचं म्हटलं तर कंटेनर कोण भरणार? सगळ्यांना एकच उत्तर.”

मी साहेबांच्या मशीनवर प्रोग्राम लिहून दिला. विषयात ‘रजा’ असेल, तारीख लोडिंगची असेल, तर उत्तर जायचं: ‘आपल्या अर्जावर काळजीपूर्वक विचार केला. कामाचा व्याप पाहता रजा मंजूर करता येत नाही, याचा खेद आहे.’ खाली साहेबांचं नाव. मराठी माझं चांगलं आहे, शाळेत निबंधात पहिली यायचे. अर्ज मग ‘निकाली’ नावाच्या फोल्डरात.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. उत्तर दोन सेकंदांत जात होतं. स्टोअरमधला अमरेश सगळ्यांसमोर हसला, “साहेब झोपेत पण टाईप करत्यात वाटतं.” साहेबांना ते लागलं. त्यांनी मला आत बोलावलं. उत्तर अर्ध्या तासाने जाऊ दे, म्हणाले.

इथे गप्प बसायला हवं होतं. पण हात दाखवून अवलक्षण करायची हौस ना. मी म्हटलं, “साहेब, दर वेळी बरोबर अर्धा तास झाला की लोक ओळखतील. पंचवीस ते पंचावन्न मिनिटांत कितीही ठेवू या, दर वेळी वेगळं. माणूस बसून विचार करतोय असं वाटेल.”

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “तुम्ही लई हुशार निघालात की, मॅडम.” अठरा वर्षांत पहिल्यांदा. त्या शब्दांवर मी आठवडाभर तरंगत होते, त्याची आज मला शरम वाटते.

चार महिने सुरळीत गेले. कुणी कुरकुर केली नाही. साहेब विचार करतात, अशी उलट ख्याती झाली.

गुरुशांत आमचा गोडाऊनचा सुपरवायझर. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावचा, घरात कन्नड, माझ्याशी मराठी, आणि मला अक्का म्हणणारा. गेल्या महिन्यात त्याची आई, गंगम्मा, वारली. लोडिंग संपलं त्या शनिवारी दुपारी तो गावाकडे निघाला आणि वाटेतच त्याला बहिणीचा फोन आला. बारा दिवसांनी तो कामावर आला. मी डबा खात होते, समोर येऊन बसला.

“शेवटपर्यंत माझं नाव घेत हुती म्हणं,” तो म्हणाला. “गुरुवारीच बहिणीनं बोलावलं हुतं. मी रजा टाकली हुती, अक्का.”

मी डब्याला झाकण लावलं.

“साहेबांवर राग न्हाय माझा,” तो म्हणाला. “मी मोबाइल धरून बसलेलो. एक्केचाळीस मिनिटं लागली त्यास्नी. एवढा मोठा माणूस, एवढी कामं, माझ्या आईसाटी एक्केचाळीस मिनिटं इचार केला. न्हाईच जमलं, त्याला काय करणार. पण केला इचार. बहिणीला पण तेच सांगितलं मी.”

तो गेल्यावर मी साहेबांच्या मशीनवर ‘निकाली’ उघडलं. साहेब बाहेर गेले होते. गुरुशांतचा अर्ज तिथे होता, ठळक अक्षरांत, म्हणजे कुणीही न उघडलेला. ‘आई लई शिरीयस हाय साहेब, एक दिवस द्या, रविवारी भरून काढतो.’ मी तो उघडला. तो वाचणारी पहिली मीच.

दोन दिवस मी स्वतःला समजावलं. त्याला सांगून काय होणार, आई परत येणार आहे का? त्याच्या मनाला तेवढा तरी आधार आहे, तो कशाला काढायचा? पण दर वेळी तो साहेबांना वाकून नमस्कार करताना दिसे. तिसऱ्या दिवशी मी गोडाऊनला गेले आणि टॉवेलच्या गाठींच्या आडोशाला उभी राहून त्याला सगळं सांगितलं. साहेबांनी काही वाचलं नव्हतं. मशीनने नाही म्हटलं. ते ‘काळजीपूर्वक’ माझं. ती मिनिटंही माझीच.

मला वाटलं, शिव्या देईल. मी तयार होते, मला हव्याच होत्या. त्याने हातातली यादी घडी करून खिशात घातली.

“मंजे कुणी वाचलंच नव्हतं,” तो म्हणाला.

“नाही.”

“मग लगीच न्हाय म्हणायचं हुतं की, अक्का. लगीच आलं असतं तर मी म्हणलो असतो, ह्यानं बघितलंसुदिक न्हाय, आन तसाच गेलो असतो उठून. माणसानं इचार करून न्हाय म्हणलंय म्हणून थांबलो मी.”