टेबल वाजवायची परवानगी

मित्रांनो, मी पनवेलच्या एका वाचनालयाचं जुनं सागवानी टेबल आहे. सध्या मात्र माझा मुक्काम वाचनालयात नाही. तिथून बराच लांब, रोडपालीत आहे. एवढं जड टेबल इतक्या लांब कसं आलं, हीच माझी गोष्ट आहे.

मला भगवान मिस्त्रींनी घडवलं. वाचनालयाचं दार अरुंद आणि मी चांगला लांबलचक, म्हणून त्यांनी माझे पाय बोल्टने जोडले होते. पॉलिशचा शेवटचा हात दिल्यावर माझ्यावरून तळवा फिरवत ते म्हणाले, "आता तुझ्यावर पुस्तकं येणार. मजा आहे बाबा तुझी!"

खरंच मजा होती. सकाळी वर्तमानपत्रं वाचणारे यायचे. दुपारी कॉलेजची मुलं वह्या पसरायची. संध्याकाळी बाजारातून परतणाऱ्या बायका मासळीची पिशवी पायरीवर ठेवून घटकाभर मासिक चाळायच्या आणि पिशवीपाशी मांजर आलं की लगबगीने उठायच्या. भिंतीवर पाटी होती, 'शांतता राखा'. कुणी पेन जरी जोरात ठेवलं तरी सगळ्यांच्या माना वळायच्या.

मग दिवस बदलले. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना प्रत्येकाचा वेगळा कप्पा हवा होता. सनमायका लावलेली नवी टेबलं आली आणि मी मागच्या खोलीत गेलो. माझ्यावर जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे चढले. त्या गठ्ठ्यांवर धूळ चढली. मी रागावलो नाही, पण एकटा पडलो. त्या खोलीत रोज येणारं माणूस एकच, आमच्या ग्रंथपाल किशोरीताई. त्या तिथे डबा खायच्या. गठ्ठे बाजूला सारून माझ्या एका कोपऱ्यावर डबा ठेवायच्या आणि जेवून झालं की तो कोपरा ओल्या फडक्याने पुसायच्या. त्यांचा आवाज फार हळू होता. इतकी वर्षं 'हळू बोला' सांगून सांगून तो तसा झाला होता बहुतेक.

एक दिवस गठ्ठे उतरले, मला बाहेर काढलं, पुसलं. तालुक्यातल्या वाचनालयांच्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आमच्याकडे होणार होतं आणि सगळ्यांना गोल बसायला मोठं टेबल हवं होतं. शिकवायला आभाताई आल्या होत्या. केस कापलेले, खांद्याला झोळी, बोलणं एकदम मोकळं. सगळे वह्या उघडून बसले. आभाताईंनी विचारलं, "गेल्या महिन्यात तुमच्या वाचनालयात कोण आलं नाही?"

कोण आलं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आमचे सहायक परेश तर कॉम्प्युटरमध्ये बघून सांगतो म्हणाले.

"कॉम्प्युटरमध्ये नाही सापडणार," आभाताई हसल्या. "उद्या पुस्तक न घेता बाहेर पडा. जे येत नाहीत त्यांना भेटा. या म्हणून आग्रह करू नका. त्यांचा दिवस कसा जातो, तेवढंच विचारा. कार्यक्रम काय करायचा ते आपण मग ठरवू."

दुसऱ्या दिवशी कुणी पळस्प्याच्या ढाब्यांवर गेलं, कुणी बाजारात. किशोरीताई रोडपालीला गेल्या. परत येऊन त्या माझ्यापाशी बसल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या. तिथे त्यांना शांती नावाची एक बाई भेटली होती. तिचा नवरा धर्मराज तळोज्याच्या कारखान्यात कामाला. सतत रात्रपाळी. सकाळी कंपनीची बस सोडते आणि तो दिवसभर झोपतो. घर एका खोलीचं. शांती म्हणाली होती, "आमी पोरांना दिसभर गप करतो, ताई. हसायचं नाय, पळायचं नाय, पुस्तकपन मनातच वाचायचं. सगल्या चाळीत असंच हाय. काय करनार? त्यांची झोप नाय झाली तर मशीनवर हात जाईल."

मग आभाताईंनी विचारलं, "मग या मुलांना वाचनालयाने काय द्यावं?"

"आवाज करायला जागा," किशोरीताई म्हणाल्या. आणि स्वतःच दचकल्या.

प्रशिक्षण संपलं. पुढच्याच रविवारी किशोरीताईंनी रोडपालीची मुलं वाचनालयात आणली. रिक्षातून उतरून मुलं आत आली, पाटी वाचली आणि माझ्याभोवती हाताची घडी घालून बसली. शांतीची मुलगी समृद्धी माझ्या टोकाशी होती. किशोरीताई म्हणाल्या, "मोठ्याने वाच हं, बाळा." समृद्धीचे ओठ हलले. तिचा श्वास माझ्या फळीवर पडला, पण शब्द काही मला ऐकू आला नाही. पलीकडच्या कप्प्यांतून अभ्यास करणारी मुलं वाकून बघत होती. त्यांचीही चूक नव्हती, त्यांची परीक्षा जवळ आली होती.

वाचनालयाचे कार्यवाह कमळाकर सर आले. निवृत्त शिक्षक, शिस्तीचे. मुलांकडे बघून ते खूश झाले. "किशोरीताई, किती शहाणी मुलं आहेत हो! अगदी आदर्श कार्यक्रम."

किशोरीताई त्यांना कधी उलटून बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. "सर, ही मुलं शहाणी नाहीत. घाबरलेली आहेत. आणि आपण त्यांना पुन्हा गप्प बसायलाच आणलंय."

सरांचा चेहरा उतरला. किशोरीताई पुढे म्हणाल्या, "रोडपालीत घरांपासून लांब, मैदानाच्या कडेला एक हॉल आहे. रविवारी मोकळा असतो. मला हे टेबल तिकडे न्यायचंय."

"वाचनालयाचं टेबल बाहेर? उद्या मोडलं तर? आणि आवाजच करायचा, तर त्याला वाचनालय म्हणायचं कशाला?"

"मोडलं तर मी दुरुस्त करून घेईन. पण सर, मागच्या खोलीत पडून ते काय सुखात होतं?"

मित्रांनो, माझ्या बाजूने कुणी इतकं बोलल्याचं मी प्रथमच ऐकत होतो. सर माझ्याजवळ येऊन माझी कड चाचपू लागले. मग म्हणाले, "एकदा नेऊन बघा. एकदाच. नीट जमलं नाही, तर टेबल परत आणि हा विषयही बंद."

परेश यांनी माझे बोल्ट काढले, तेव्हा ते गंजाने करकरले. टेम्पोत मी आडवा पडून आकाश बघत गेलो.

हॉलमध्ये पोरं भिंतीला टेकून उभी होती. आया दारात. किशोरीताईंनी वादळात सापडलेल्या होडीची गोष्ट काढली आणि म्हणाल्या, "या गोष्टीत ढग गडगडतात. माझा आवाज काही एवढा मोठा नाही. तेव्हा गडगडाट तुम्ही करायचा. टेबल वाजवायची परवानगी आहे."

कुणी पुढे येईना. मला भीती वाटली की आता मला परत मागच्या खोलीत नेतील. मग परेश यांनी दोन्ही हातांनी माझ्यावर असा काही ठेका धरला की एक पोरगं खुदकन हसलं आणि त्यानेही थाप मारली. मग सगळेच आले. समृद्धीने आधी एक बोट आपटलं. मग मूठ. मग दोन्ही मुठी! माझी फळी न फळी घुमली. इतकी वर्षं मी नुसता ऐकत आलो होतो, त्या दिवशी पहिल्यांदा बोललो.

होडी किनाऱ्याजवळ आली, तेव्हा किशोरीताईंनी पुस्तक समृद्धीकडे दिलं. नावाडी बंदरावरच्या लोकांना हाक मारतो, ते वाक्य तिच्या वाट्याला आलं. "आम्ही आलोऽऽ! दोर टाका!" ती ओरडली. हॉलच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

नेमकं त्याच वेळी दारात एक माणूस उभा राहिला. बनियनवर, डोळे लाल, केस विस्कटलेले. "अगो बाय," शांती पुटपुटली. तो धर्मराज होता. जाग आली तर घरात कुणी नाही, म्हणून शोधत आला होता. सगळ्या मुलांचे हात माझ्यावरून एकदम खाली गेले. समृद्धीने पुस्तक मिटलं.

"कोन ओरडत होतं?" त्याने विचारलं.

शांती पुढे झाली. "आता नाय ओरडनार ती. तुमी जा, झोपा."

धर्मराज मुलीकडेच बघत होता. "ही? ही आपली समृद्धी?" मग तो अगदी हळू म्हणाला, "मना वाटायचं, पोर मुलखाची मुखदुर्बळ हाय. मी शाळेतपन तसंच सांगितलं. ती माझ्या झोपेसाठी गप राहत होती होय?"

समृद्धीने मान डोलावली.

तो आला आणि माझ्यापाशी मांडी घालून जमिनीवरच बसला. ॲसिडने डागाळलेला हात त्याने माझ्या कडेवर ठेवला. "पुढे वाच," तो म्हणाला. "मोठ्यानं वाच. मी जागाच हाय."

तिने वाचलं. सगळ्यांनी मिळून दोर ओढला, होडी बंदराला लागली.

कमळाकर सरांना परेश यांनी हे सगळं सांगितलं. सर पुढच्या रविवारी स्वतः आले आणि परत जाताना मला न्यायचं विसरले. मुद्दामच विसरले असावेत.

आता दर रविवारी इथे वाचन असतं. आभाताई इतर गावांच्या कर्मचाऱ्यांना घेऊन येतात आणि त्यांना शिकवायला उभ्या राहतात आमच्या किशोरीताई. हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत त्यांचा आवाज नीट पोचतो.

माझ्यावर आता खडूचे डाग आहेत, एक पाय किंचित डुगडुगतो. तरी तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या गावातल्या वाचनालयातही कुणी किशोरीताई असतील. त्या एखाद्या दिवशी तुमच्या दारात येतील आणि विचारतील, तुमचा दिवस कसा जातो? तेव्हा लाजू नका. काय हवंय ते खरं खरं सांगा. आणि माझ्यासारख्या टेबलावर पाणी सांडलं तर तेवढं लगेच पुसा, लाकूड फुगतं हो. बाकी हात धुऊन या आणि हवं तेवढं वाजवा.