पेट्यांची दारं

बाटलीवर लिहिलंय: पंपाला एक झाकण औषध.

बाबांना वाचावं लागत नाही. डाळिंबांच्या शेंड्यांवर माव्याची कीड चढलीय, पानं चिकट झालीत, बुंध्यावरून मुंग्यांची ये-जा. आई गेल्यानंतरची ही पहिली फवारणी.

बागेच्या कडेला आईच्या मधमाश्यांच्या पेट्या. मधाचा व्यापारी त्या विकत मागायला आला, तर बाबा म्हणाले, "कपाट न्या, पलंग न्या. पेट्यांना हात लावू नका." तो गेल्यावर लेकीला म्हणाले, "तिची एवढीच काय ती गडबड उरलीय. ती तरी राहू दे."

बाटलीवर लिहिलंय: मधमाश्या फिरत असताना फवारू नये.

हे काम दोघांनी वाटून घेतलेलं. आदल्या संध्याकाळी बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगायचे, "उद्या औषध मारायचंय." आई "बरं" म्हणायची आणि माश्या परतल्या की ओल्या गोणपाटानं पेट्यांची दारं बंद करायची. "तुझा बाप मारणारा, मी तारणारी," लेकीला डोळा मारून म्हणायची.

काल संध्याकाळी बाबा त्याच दारात उभे राहिले.

"उद्या औषध मारायचंय."

लेक भांडी घासत होती. मागे न वळता म्हणाली, "बरं."

बाटलीवर पुढचं

पुसलं गेलंय. सकाळी बाबांनी सगळी बाग फवारली. झाडांवर अजून फुलं होती. दुपारी पेट्यांपुढची जमीन काळी दिसायला लागली. काही माश्या उताण्या पडून जागच्या जागी गोल फिरत होत्या.

"दारं उघडी कशी?" बाबांनी विचारलं.

"कोण लावणार होतं, बाबा?"

"अगं, मी काल सांगितलं होतं की."

"मला?"

बाबा खाली बसले आणि पेटीला कान लावला. मग दुसऱ्या पेटीला. आई गेली त्या दिवशी लोक म्हणाले होते, घट्ट मनाचा माणूस, डोळ्यांत टिपूस नाही.

"बाबा, हात तरी धुवा. औषध लागलंय."

"थांब. ऐकू येत नाहीये. ती मोटर बंद कर."

लेक पळत विहिरीवर गेली. मोटर बंद केली. परत आली तर बाबा शेवटच्या पेटीला गाल टेकून बसले होते.

"केली?"

"केली, बाबा."

"नाही गं," ते म्हणाले, "अजून ऐकू येत नाहीये. नीट बघून ये."

ती पुन्हा विहिरीकडे निघाली.