लखदरने गाडी विकली ती अशी

लखदरची गाडी दर शुक्रवारी विकायला जायची आणि दर शुक्रवारी लखदरला घेऊन परत यायची. सेतीफ शहराच्या गाडीबाजारात तिला न ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. लोक तिच्या बॉनेटवर कॉफीचे पेले ठेवून दुसऱ्यांच्या गाड्यांचे सौदे करायचे.

गाडी विकणं भाग होतं ते बायकोमुळे. चार वर्षांपूर्वी एका लग्नाला जाताना भर चौकात गाडी बंद पडली आणि यमिनाला जरीचा पायघोळ झगा आवरत ती ढकलावी लागली. मागे वरातीच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. तिथल्या तिथे यमिनाने शपथ घेतली, "जोवर ही गाडी तुमची आहे, तोवर मी हिच्यात पाय ठेवणार नाही." तेव्हापासून ती बसने जायची आणि लखदर रिकामी गाडी घेऊन बसच्या मागे मागे. शेजारची मोकळी सीट बघून त्याला अगदी कसंनुसं व्हायचं. शेवटी त्याने नव्या गाडीसाठी नाव नोंदवलं. ती येत्या गुरुवारी येणार होती. अंगणात जागा एकाच गाडीची, तेव्हा त्याआधी जुनी जायलाच हवी होती.

अडचण एवढीच, की त्या बाजारात विकणारा कधी किंमत सांगत नाही. जो सांगतो तो एक तर अडलेला असतो, नाही तर चोर. गिऱ्हाईक विचारतं, "किती देऊन गेले?" म्हणजे आधीच्यांनी किती देऊ केले. विकणारा म्हणतो, "बरंच देऊन गेले. तुम्ही बोला." गिऱ्हाईक म्हणतं, "गाडी तुमची, तुम्ही बोला." हे दुपारपर्यंत चालतं. कुणी आकडा बोललाच आणि विकणाऱ्याच्या तोंडून "अल्ला बरकत देवो" निघालं, की सौदा पक्का. मग तो कुणाच्या बापाला मोडता येत नाही.

"तुम्हाला विकायचीच नाहीये," यमिना म्हणाली.

"गिऱ्हाईकं मुकी भेटतात, त्याला मी काय करू?"

"मग एक बोलकं घेऊन जा. मौलूदला न्या."

मौलूद तिचा धाकटा भाऊ. वरच्या मजल्यावर राहायचा, शाळेत गणित शिकवायचा, आणि खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. ठरलं असं, की त्याने अनोळखी गिऱ्हाईक बनून यायचं, गाडीची थोडी तारीफ करायची आणि एक आकडा फेकायचा. एकदा आकडा बाहेर पडला की खरी गिऱ्हाईकं त्याच्या वर बोली चढवतील.

शुक्रवारी गाडीभोवती तिघे जमले. एकजण खाली झोपून तळ तपासत होता. दुसरा दारावर बोटाने ठोकून आत पुट्टी किती भरलीय ते ऐकत होता. तिसरा नुसताच मान हलवत होता.

"गंजलीय," खालचा म्हणाला.

"ही गाडी नाही, डागडुजी आहे," ठोकणारा म्हणाला. "चाकं लावलेली."

लखदरने दात आवळले. बाजारातले जुने जाणते हाजी ताहर गंमत बघत उभे होते. तेवढ्यात मौलूद आला. डोळ्यांवर काळा चष्मा, कान टोमॅटोसारखे.

"सलाम. ही गाडी," तो म्हणाला आणि पुढचं विसरला. त्याने घाबरून मागच्या काचेतून आत डोकावलं, आणि हळूहळू त्याच्या कानांची लाली उतरली. "हिच्यात मागे बसून माणूस बिजायाच्या समुद्रावर जाऊ शकतो. मांडीवर कलिंगड घेऊन. पुढे बहीण बसलेली असते, मेहुणा चालवत असतो. बहीण सगळा रस्ता गात असते आणि घाटात मेहुणा मुद्दाम गाडी हळू करतो, गाणं लवकर संपू नये म्हणून." मग त्याला काम आठवलं आणि त्याने आकडा सांगितला.

तारीफ करायला लखदरनेच सांगितलं होतं. पण इतक्या शुक्रवारांत त्याच्या गाडीबद्दल कुणी बरा शब्द काढलेला तो पहिल्यांदाच ऐकत होता. ठरलेलं सगळं तो विसरला.

"अल्ला तुला बरकत देवो," तो म्हणाला.

हाजी ताहरनी झडप घालून दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले. "झालं. सगळ्यांनी ऐकलं. मुबारक असो, मुला."

"भावजी," मौलूद पुटपुटला, "अहो, मी आहे."

"माहीत आहे," लखदर म्हणाला. त्याचे डोळे पुसून होईपर्यंत लोक पांगलेही होते.

गाडी संध्याकाळी त्याच अंगणात परत आली. फक्त किल्ली वरच्या मजल्यावर गेली. पैसे मौलूद जमतील तसे देणार होता. गुरुवारी नव्या गाडीवाल्यांचा फोन आला. "तुमची गाडी जहाजावर आहे, साहेब. जहाज कुठे आहे ते आम्ही बघतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी लखदर खाली आला तर यमिना जुन्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेली. डोक्याला नवा रुमाल, मांडीवर डब्यांची टोपली.

"आणि शपथ?" त्याने विचारलं.

"शपथ नीट आठवा. तुमची असेतोवर. आता ती माझ्या भावाची आहे. आम्ही बिजायाला चाललोय."

लखदरने मौलूदला बाजूला ओढलं. "मला परत दे. किती घेशील?"

मौलूद दाराला टेकून उभा राहिला. या वेळी त्याचे कान लाल झाले नाहीत. "बरंच देऊन गेले, भावजी. तुम्ही बोला."

आयुष्यात पहिल्यांदा लखदर स्वतःहून आकडा सांगणार होता. तो जिभेवर आलाही होता.

"नीट विचार करून बोला," यमिना खिडकीतून म्हणाली. "परत तुमची झाली की मी उतरले."

लखदरने तोंड मिटलं. मागचं दार उघडलं, सीटवरचं कलिंगड उचलून मांडीवर घेतलं आणि बसला.

"दुसरा गिअर जरा उचलून टाक," तो म्हणाला.

"गाडी माझी आहे, भावजी."

त्याच जुन्या चौकात गाडी बंद पडली. मागे भोंगे सुरू झाले. यमिना जागची हलली नाही. लखदर कलिंगड खाली ठेवून उतरला, बाह्या सरसावल्या आणि ढकलू लागला. तिने आतून गाणं सुरू केलं होतं. मग तो जरा हळू ढकलू लागला.