टप नसलेलं पाऊल

घाबरू नका. मी एक चप्पल बोलतेय. डाव्या पायातली.

माझा आवाज तुम्ही बहुधा ऐकला असेल. चित्रपटगृहात, शेजारच्याचा हात घट्ट धरून. खर्रर्र... असा. तो आला की माणसं पाय वर घेऊन बसायची म्हणे. पण मी कुणाला भिववायला जन्मले नव्हते. कुठली चप्पल जन्मते?

कोपऱ्यावरच्या एका दुकानात मला शिवलं. साधं कातडं, जाड तळ, दोन पट्टे. माझ्याबरोबर माझी बहीण झाली, उजव्या पायातली. आम्हाला घरी नेलं ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांना मी अजून मालकच म्हणते. दिवसभर उभ्याचं काम. संध्याकाळी घरी आले की बूट काढायचे, आमच्यात पाय सरकवायचे आणि म्हणायचे, "हुश्श! आता मी माझा."

"आणि आम्ही कुणाचे?" बायको आतून विचारायची.

"तुमचा नंबर चपलांच्या नंतर."

त्यांचा धाकटा मुलगा आमच्यावर चढून उभा राहायचा. मालक त्याचे हात धरून, त्याला पायांवर घेऊन घरभर चालायचे. त्याच्या तळव्यांचा ओलसर गरमपणा मला अजून आठवतो. पुढे तो धाकटा मोठा झाला, त्याचे केस पिकले. माझ्या लेखी तो धाकटाच.

मग मालकांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद पडलं. महिना-दीड महिन्याने ते उठून चालू लागले, पण डावा पाय उचलेना. तो ओढावा लागे, आणि त्याच्याबरोबर मी. माझा पुढचा भाग झिजून चालला, तेव्हा कोपऱ्यावरच्या कारागिराने तिथे लोखंडाची पातळ पत्री ठोकून दिली. तेव्हापासून माझा आवाज हा असा झाला. खर्रर्र. आणि मग उजव्या पायातल्या बहिणीचा, टप. टप झाल्यावर मालक भिंतीला हात लावून श्वास घ्यायचे. पुन्हा खर्रर्र. पुन्हा टप.

त्याच वर्षी धाकट्याला लांबलेला ताप धरला. सात वर्षांचं पोर, पॅसेजच्या टोकाच्या खोलीत पडून असायचं. घर चालवायला आई कामाला जाऊ लागली होती. दुपारी थोरला शाळेत, घरात हे दोघंच. पडदे ओढलेले, रस्ता सुनसान, आणि पुढच्या खोलीतून मालक निघायचे.

मला माणसं घाबरतात हे मला त्या पॅसेजमध्ये कळलं. आम्ही पलंगाशी पोचलो की फरशीतून मला पलंगाची थरथर लागायची. पोराने डोळे गच्च मिटलेले असायचे. आतला बाप तोच होता, पण वरचं तोंड बदललं होतं आणि आवाज नव्हता. पोराला काय कळणार? मालक चांगल्या हाताने चादर त्याच्या हनुवटीपर्यंत ओढायचे. थोडा वेळ उभे राहायचे. मग आम्ही परत फिरायचो.

पोराने एकदाही डोळे उघडले नाहीत. मग एका दुपारी पुढच्या खोलीतून खर्रर्र आलंच नाही.

आम्हाला फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. बाहेर निघालो तेव्हा धाकटा दाढीवाला बाप्या झाला होता आणि चित्रपट काढत होता. गोष्ट साधी होती. तापाने फणफणलेला मुलगा, भर दुपार, आणि मेलेला बाप पॅसेजमधून रोज येतो. त्याचा चेहरा दिसतच नाही. दिसतो आम्ही दोघी. आई भेदरून दाराला आतून कडी लावते. मुलगा आत थंडीने कुडकुडतो. शेवटी तो स्वतःच उठून दार उघडतो. पाऊल आत येतं, चादर हनुवटीपर्यंत ओढली जाते, संपलं. अर्धा खेळ किंचाळणारी माणसं शेवटी नाक पुसत बाहेर पडायची.

चित्रपटात पावलांचे आवाज मागाहून भरतात. पडद्यावर पाय चालतात आणि बंद खोलीत कुणीतरी त्यांच्याकडे बघत पावलं टाकतो. धाकट्याचा एक मित्र हे काम करायचा. त्याने आम्हाला घालून पाहिलं, वाळू पसरून पाहिली, हातात घेऊन घासून पाहिलं. शेवटी वैतागून म्हणाला, "ए राजा, तूच चाल बाबा. माझा पाय फार धडधाकट आहे."

धाकट्याने आम्हाला घातलं. डोळे मिटले. खर्रर्र... टप.

तो थांबल्यावर मित्राने यंत्र बंद केलं. मग म्हणाला, "हे चालणं तुझं नाही."

"नाही," धाकटा म्हणाला. "ओळखीचं आहे."

चित्रपट धो धो चालला. बापाला त्यात नाव नव्हतं, पण लोक काय ऐकतात! त्यांनी त्याचं बारसं केलं, फरफट्या. पोरं रस्त्यात एक पाय ओढत पोरींच्या मागे लागायची. धाकट्याला हसूही यायचं आणि कुठेतरी टोचायचंही.

बरीच वर्षं गेली. निर्माता वारला, आणि चित्रपटाचे हक्क त्याच्या पुतण्याकडे आले. तो पेढे घेऊन घरी आला. "काका, दुसरा भाग काढतोय. तुमचा आशीर्वाद हवा. आणि ती चप्पल."

धाकट्याची कळी खुलली. कुणी विचारायला यावं असं किती दिवसांत झालं नव्हतं. त्याने स्वतः ट्रंक उघडली.

"फक्त डावी द्या," पुतण्या म्हणाला. "उजवीला काय करायचंय? ती साधीच चालते."

धाकट्याची बायको दारात उभी होती. "नेता तर दोन्ही न्या. जोडी मोडू नये."

"काकू, भीती डावीत आहे."

"उद्या माझं बोट मागायला आलात तर तेही देतील हे," ती म्हणाली आणि आत गेली. धाकटा ओशाळं हसला. मला एकटीला पिशवीत घातलं.

आवाज भरायच्या खोलीत जे झालं ते सांगताना अजून माझा पट्टा आखडतो. मला कुणी पायात घातलंच नाही. माझ्या पत्रीशेजारी दोन खिळे ठोकले, मला एका काठीला बांधलं आणि सिमेंटवरून ओढलं. पुन्हा पुन्हा. "आणखी जोरात, रक्त काढ तिचं," कुणीतरी हसत म्हणालं. माझ्यात टाच नव्हती, ऊब नव्हती, घाम नव्हता. मी रिकामी होते आणि चालत होते. भुतं कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी उमगलं.

पहिल्या खेळाला मला काचेच्या पेटीत घालून पडद्याशेजारी ठेवलं. धाकटा पुढच्या रांगेत, अंगात इस्त्रीचा सदरा. दिवे गेले.

खर्रर्र.

तो आवाज माझा होता. मी पेटीत निपचित पडले होते आणि माझ्या आवाजात कुणीतरी चालत येत होतं. मी बहिणीचा टप यायची वाट पाहिली. टप आला नाही. पुन्हा खर्रर्र. पुन्हा खर्रर्र. एक पाय ओढणारं माणूस दुसऱ्यावर उभं असतं, तिथे क्षणभर थांबतं, दम खातं. हा कशावर उभा होता? हा थांबतच नव्हता.

पडद्यावर तो पलंगाशी पोचला. आत एक पोर झोपलेलं. त्याने चादर धरली आणि ओढली. चादर हनुवटीशी थांबली नाही.

लोकांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. धाकट्याला उभं करून हार घातला. एक पोरगा गर्दीतून ओरडला, "काका, तुमचा फरफट्या म्हणजे सगळ्यांचा बाप आहे बाप!" धाकटा हसला. त्याचं ते हसणं मी काचेतून पाहिलं. बहीण हे बघायला तिथे नव्हती, घरी राहिली, ते बरंच झालं.

निघताना तो पुतण्याला म्हणाला, "डावी मला परत दे."

"न्या की. आवाज आता मशीनमध्ये आहे."

असं माझं झालं. मी घरी आले आणि माझा आवाज तिकडेच राहिला.

परतताना मी गाडीत धाकट्याच्या मांडीवर होते. बायकोने विचारलं, "कसा वाटला?"

"भीती वाटली."

"मग चांगलाच म्हणायचा."

"चांगलाच आहे गं. तो जिन्यावरचा प्रसंग मला सुचायला हवा होता." बराच वेळ तो माझ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवत राहिला. "पण बाबांनी चादर तोंडावर नसती ओढली."

"तुमचं लेकरू मोठं झालं. आता दुसऱ्यांच्या घरी नांदणार. तुम्ही किती दिवस पुरणार?"

"नांदतंय कुठे? लोकांचे गळे दाबत फिरतंय."

तिसरा भागही निघाला. त्यात फरफट्या चप्पल काढून येतो म्हणे, आवाज न करता. धाकटा तो बघायला गेला नाही, पण गर्दी किती होती ते मात्र त्याने दोघा-तिघांना विचारलं.

बापाचं दुखणं मग लेकाकडे आलं. हलकाच झटका. बोलणं शाबूत राहिलं, पण डावा पाय जड झाला. त्याने खिळे उपटून टाकले, पत्री तेवढी राहू दिली आणि आम्हा दोघींना पायात घातलं. इतक्या वर्षांनी पाय मिळाला! मी सुखावले.

सुट्टीत नात राहायला आली. आठ वर्षांची, सतत काहीतरी कुरतडणारी, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणतात. पहिल्या दुपारी जेवणं झाली, आजी आडवी झाली, आणि धाकटा पाणी प्यायला उठला. खर्रर्र...

आतल्या खोलीतून जी किंकाळी आली ती मी जन्मात विसरणार नाही. पोरगी कपाटात शिरून दार आतून धरून बसली होती. मैत्रिणीच्या घरी तिने फोनवर दुसरा भाग पाहिला होता.

"अगं, मी आहे, आजोबा!"

"आजोबांच्या आवाजातच बोलतो तो!" कपाटातून हुंदका आला. खरंच, दुसऱ्या भागात तो घरच्या माणसांच्याच आवाजात हाका मारतो.

दुसऱ्या दिवशी धाकटा आम्हाला दाराशी ठेवून अनवाणी तिच्या खोलीकडे गेला. बिनआवाजाचा. पोरगी पांढरीफटक पडली. शाळेतल्या पोरांनी तिला तिसऱ्या भागाची गोष्ट सांगितली होती. संध्याकाळी ती आजीला म्हणाली, "मला घरी जायचंय. आणि इथे परत नाही यायचं."

धाकटा जेवला नाही. ज्या भीतीने त्याने नाव कमावलं तीच त्याच्या घरात येऊन बसली होती, आणि तिच्या पायात मी होते. मला वाटलं, आता मला चुलीत घालतील तर बरं.

जायच्या दिवशी दुपारी तो तिच्या बंद दारापासून लांब, पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला. "खारूताई, जा तू घरी. पण जायच्या आधी एक ऐकशील? फरफट्या कसा चालतो गं?"

आतून बारीक आवाज आला. "खर्र. खर्र. खर्र."

"मधे काय असतं?"

"काही नाही."

"बरं, आता हे ऐक. मी जागचा फार हलणार नाही." त्याने मला ओढलं. खर्रर्र. मग जीव एकवटून त्याने उजवा पाय टेकला.

टप.

आत पलंग करकरला.

"परत," दारामागून आवाज आला.

खर्रर्र... टप.

"त्याला टप नाहीये," ती म्हणाली.

"नाहीये ना? त्यांनी तो नेलाच नाही. माझ्या बाबांना होता. टप झाला की ते दम खायचे. दमायचे गं ते. फार लांबून यायचे माझ्याकडे."

"कशाला यायचे?"

धाकट्याने भिंतीला हात लावून श्वास घेतला. मग म्हणाला, "पांघरूण नीट आहे का बघायला."

दार बोटभर उघडलं. एक डोळा दिसला. तो आमच्याकडे बघत होता, आधी माझ्याकडे, मग बहिणीकडे.

ती त्या दिवशी गेली नाही.

चार-पाच दिवसांनी, अशीच दुपार. धाकट्याला डुलकी लागली होती. आम्ही पॅसेजमध्ये होतो. दोन लहान पाय आमच्यात शिरले. किती वर्षांनी तो ओलसर गरमपणा! ती निघाली. डावा पाय ओढत, उजवा टेकत. खर्रर्र... टप. खर्रर्र... टप.

पलंगाशी पोचलो आणि फरशीतून मला थरथर लागली. तीच. धाकट्याने डोळे गच्च मिटले होते, मुठी वळल्या होत्या. सत्तरीचा माणूस सात वर्षांचा होऊन पडला होता. चादर हळूहळू वर आली, छातीवर, गळ्यावर. मीही घाबरले. हनुवटीशी आली. थांबली.

मग धाकट्याने डोळे उघडले.

डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे चाललं होतं.

"घाबरलात?" खारूताईने विचारलं.

"खूप."

"हा माझा भाग," ती म्हणाली. "मी काढलेला. कसा झाला?"

"हाच दुसरा भाग," धाकटा म्हणाला.

आता माझा पट्टा उसवत आलाय, पत्री कागदासारखी झालीय. परवा पुतण्याचा फोन आला होता, चौथा भाग निघतोय. धाकटा म्हणाला, "काढ बाबा. बघायला येईन. चांगला झाला तर टाळ्याही वाजवीन." फोन ठेवल्यावर मात्र तो कितीतरी वेळ पॅसेजकडे बघत बसला. मलाही दुपारी धडकी भरते. माझा आवाज अजून पायाशिवाय हिंडतोय, कुणाच्या पलंगाकडे चाललाय ठाऊक नाही.

तुमच्याकडे आला तर खुशाल घाबरा. पण लगेच पांघरुणात तोंड घालू नका. क्षणभर कान द्या. पाठोपाठ टप आला, तर डोळे उघडा. दमून आलेलं असेल कुणीतरी.